मुरणारं तेल आणि बसणारं तेल

तेलाच्या बाबतीत आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या थापा मी पौडच्या अलीकडच्या एका ओसरीवर बसून मारल्या आहेत. ज्यांच्यासमोर मारल्या त्यांना तेलातलं माझ्या दसपट कळत होतं, फक्त त्यांना बोलता येत नव्हतं. म्हणून मी सुटले.

तेव्हा, म्हणजे २००३च्या सुमारास, मी पिरंगुटच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते. ऑईल, ग्रीस, स्प्रेचे डबे, लेथवर सोडतात ते दुधासारखं पाणी, सगळ्याच्या ऑर्डरी माझ्या टेबलावरून जायच्या. मी प्रत्येक डबा नावानं, नंबरानं ओळखत होते. झाकण उघडून आत बोट मात्र कधी घातलं नव्हतं. त्यातून मी लातूरकडची. आमच्याकडे लोखंड बाहेर राहिलं तर तापतं, गंजत नाही. मुळशीत मात्र एका पावसाळ्यात माझ्या ट्रंकेची कडी, छत्रीच्या काड्या आणि केसांचे आकडे, सगळ्यांना तांबूस मिसरूड फुटलं.

नवरा औषधांचा विक्रेता, आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. आम्ही एका शेतकरी कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. घरमालकांना मी काका म्हणायची, त्यांच्या बायकोला काकी. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, पिरंगुटला दुसऱ्या एका कारखान्यात कामाला.

काकांची भाताची गिरणी होती. अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ओसरीवरच्या खाटेवरून थेट दिसेल अशी. आसपासच्या वाड्यांमधलं भात तिथे कांडायला यायचं. दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, तोंड वाकडं झालं, शब्द अर्धेमुर्धे यायला लागले. गिरणी बंद पडली. दोन पावसाळे तिच्यावर पत्र्यातून पाणी ठिबकलं आणि तिचा मुख्य शाफ्ट, म्हणजे जो फिरला की भात सडलं जातं तो जाडजूड दांडा, गंजून जागच्या जागी बसला.

मुलानं ठरवलं की शेड मोकळी करायची आणि तिथे कामगारांसाठी खोल्या काढायच्या. दिवाळीच्या अलीकडच्या गुरुवारी भंगारवाल्याचा टेम्पो बोलावला. गुरुवार अशासाठी की पिरंगुटला आमच्या सगळ्यांच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असायची. हे ऐकल्यावर काकांनी भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस जेवले नाहीत.

"गिरनी गेली की ह्ये बी जात्याल, बघ तू," काकी मला चुलीपाशी म्हणाल्या. रडत नव्हत्या. भाकरी थापत होत्या. थापताना फक्त आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

मुलगा काही वाईट नव्हता. तो म्हणाला, "आये, चाक फिरंना, त्येला मी काय करू? फिरलं तर ऱ्हाऊ दे. मला काय लोखंड खायचंय?"

म्हणजे प्रश्न एवढाच होता. भंगारवाला यायच्या आत चाक फिरलं पाहिजे. आणि मला थाप मारायची लहर आली.

"काकी, मी ऑईलमधलीच आहे," मी म्हणाले. "गंजाला कुठलं तेल लागतं ते माझ्याइतकं या रस्त्यावर कुणाला माहीत नसेल."

काका खाटेवरून माझ्याकडे बघत होते. त्यांचा डावा डोळा जरा बारीक झाला. तेव्हा मला वाटलं, कौतुकानं.

सगळं अडलं होतं एका नटाशी. शाफ्टच्या टोकाला पट्ट्याचं मोठं चाक बसवलेलं, आणि चाकावर माझ्या मुठीएवढं नट. ते सुटलं तर चाक निघेल, चाक निघालं तर मागचं बेअरिंग साफ करता येईल. मी कारखान्यातून रीतसर पैसे भरून सगळ्यात उंची ग्रीसचा एक डबा आणला. बाहेरच्या चकचकीत कागदावर धबधब्यासारखं पाणी पडताना दाखवलेलं, आणि त्या पाण्यातही जागचं न हलणारं ग्रीस. मी ते नटाला असं फासलं की केकसुद्धा लाजला असता. रोज सकाळी बस पकडण्याआधी जाऊन बघायची. नट माझ्याकडे बघायचं. आठवडा गेला.

मग मी शरण गेले ती आमच्या कारखान्यातल्या फिटरला. निवृत्तीला आलेला माणूस, घोटावड्याच्या बाजूचा, बोलण्यात मीठमसाला भरपूर. पुढच्या गुरुवारी तो मुद्दाम आला. चहा घेतला, काकांच्या खाटेपाशी जाऊन त्यांचा डावा हात हातात घेतला, मग शेडमध्ये जाऊन नटाला नख लावलं.

"म्याडम, ह्ये काय केलंया?"

"ग्रीस लावलं."

"जखम न धुताच वरनं पट्टी बांधली म्हना की. आत पू तसाच." त्यानं ग्रीस फडक्यानं पुसून काढलं. खाली पिवळसर, काचेसारखा एक थर निघाला. तो नखानं खरवडत त्यानं विचारलं, "आन ह्ये काय?"

काकी दारातून म्हणाल्या, "त्येल हाय. दसऱ्याला पूजा करते न्हवं मिशिनीची. दोन्ही दसऱ्याला चांगलं वाटीभर गोडंत्येल पाजलं. उपाशी ऱ्हायला नको म्हनून."

फिटर खाली बसला. "काकी, तुमच्या कढईच्या कडंला बाहेरनं काय साठतं?"

"चिकटा."

"घासून निघतो?"

"निघतोय कुटला. राख लावा न्हाईतर वीट."

"त्योच चिकटा हितं बसलाय. खायाचं त्येल हवेवर आळतं. तुमी मिशिनीला जेवायला घातलं, तिनं दार लावून घेतलं."

काकी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, पण माझं हसू जरा आखूड होतं, कारण दार लावल्यावर बाहेरून कुलूप मी घातलं होतं.

मग त्यानं जे केलं त्याचं वर्णन मी आजही लोकांना उभी राहून, हातवारे करून सांगते. त्यानं काकींकडून चार वाट्या मागितल्या आणि देवघरातल्या चार वाती. ओसरीवर काकांना दिसतील अशा वाट्या मांडल्या. एकीत जाड गिअर ऑईल, दुसरीत ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑईल, तिसरीत शिलाई मशीनचं पातळ तेल, चौथीत रॉकेल. प्रत्येकीत वातीचं एक टोक बुडवलं, दुसरं टोक काठावरून वर धरायला आम्हाला लावलं. मी दोन वाती धरल्या, काकींनी दोन. आम्ही दोघी ओवाळायला बसल्यासारख्या दिसत होतो.

रॉकेल सरसर वर चढलं. पाठोपाठ शिलाई मशीनचं तेल. जळकं ऑईल अर्ध्यावर दमलं. गिअर ऑईल वाटीच्या काठाशीच बसून राहिलं.

"त्येलाच्या जाती दोन," फिटर म्हणाला. "एक मुरनारी, एक बसनारी. जे वातीला चढतं ते नटाच्या आट्यात, त्या गोल खाचांत शिरतं. ते मुरनारं. तुमचं ग्रीस बसनारं. वाईट न्हाई, पन त्येची वेळ शेवटची. आधी मुरवायचं, उघडायचं, पुसायचं, मगच बसवायचं."

"म्हणजे रॉकेल ओतायचं," मी घाईनं म्हणाले.

"रॉकेल पाव्हना हाय. येतं, च्या पितं, जातं. मागं जागा कोरडी. त्येच्यासंगट घरचं कुनीतरी ऱ्हायला पायजे." त्यानं एका बाटलीत निम्मं रॉकेल, निम्मं शिलाई मशीनचं तेल घालून हलवलं. "आन एक ध्यानात ठेवा. नट तापवून काढायची पद्धत बी हाय, पन रॉकेल घातलंया तिथं काडी न्यायची न्हाई. न्हाईतर गिरनी ऱ्हायली, शेडच जायची."

मी विचारलं, स्प्रेचा डबा का नको? मी आमच्या कारखान्यासाठी ते खोक्यानं मागवायची. तो म्हणाला, स्प्रे चांगलाच, त्यातलं पातळ तेल आधी पाणी हाकलतं आणि आत शिरतं. मोटरसायकलच्या साखळीला, दाराच्या बिजागरीला तो घ्यावा. पण इथे एकदा फवारून भागणार नव्हतं. आठ दिवस जागा ओली राहायला हवी होती.

आता अडचण अशी की नट आडवं. तेल घातलं की ओघळून खाली. फिटर डोकं खाजवत होता तेव्हा काकी म्हणाल्या, "वैद्य ह्यांच्या कमरंवर करत्यात तसं करू की." काकांच्या कमरेवर वैद्य कणकेचं गोल आळं करून त्यात कोमट तेल भरून ठेवायचे. काकींनी कणीक मळली आणि नटाच्या वरच्या अंगाला पाकोळीच्या घरट्यासारखं एक आळं चिकटवलं. आत कापूस, कापसावर तेल. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी ते टोचून फोडलं. मग नवं आळं आणि वर पालथी पाटी. सकाळ-संध्याकाळ दहा थेंब आणि लहान हातोडीनं हलके दहा ठोके. "मारायचं न्हाई," फिटर बजावून गेला होता, "शेजाऱ्याचं दार वाजिवल्यावानी." ठोक्यांनी गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेलाला वाट मिळते.

ठोके मी घालायची. काका खाटेवरून डाव्या हाताच्या बोटांवर मोजायचे. आठच घातले तर "न्हाई" म्हणायचे. भिंतीकडचं तोंड त्यांनी आता अंगणाकडे वळवलं होतं, आणि जेवायलाही लागले होते.

शनिवारी संध्याकाळी मला राहवलं नाही. मुलाला म्हटलं, जरा पाना लावून बघू या. त्यानं पाना लावला, ओढला. नट हललं नाही. पण ओसरीवर काका एकदम उठून बसायला धडपडू लागले. डावं बोट हवेत गोल गोल फिरवत म्हणाले, "उलट... उलट..."

काकी आतून घमेलं घेऊन धावल्या. "उलटी व्हतीया ह्यास्नी. आन चक्कर बी येतीया, बोट बघ कसं फिरवत्यात."

आम्ही पाना टाकून धावलो. काकांच्या तोंडापुढे घमेलं धरलं, पाठ चोळली, कपाळावर ओला फडका ठेवला. काकांनी मान जोरजोरात हलवली. काकी म्हणाल्या, "बघ, मान बी ठरंना." उलटी झाली नाही. तरी दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना पौडला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी चक्करेची एक आणि उलटीची एक अशा गोळ्या दिल्या, आणि हलकं खायला सांगितलं. काका पेजेवर आले.

सोमवारी आणि मंगळवारी पुन्हा तेच. पाना लागला की काकांचं बोट फिरायचं, "उलट" यायचं, काकी घमेल्यासकट हजर. काकांचा चेहरा लाल व्हायचा. आम्ही म्हणायचो, बघा, कसं मळमळतंय.

मला आता ते आठवलं की मी हसते आणि हसता हसता कान धरते. एक माणूस त्याच्या स्वतःच्या यंत्राबद्दल दिवसातून दोनदा आम्हाला सांगत होता, आणि आम्ही त्याला पेज पाजत होतो.

गुरुवार उजाडला. टेम्पो अकराला येणार होता. फिटर आठालाच आला. त्यानं आळं काढलं, नटाला बोट लावून बोट हुंगलं. "मुरलंय," म्हणाला. त्यानं पान्याला पुरुषभर लांबीचा पाईप अडकवला. "आधी घट्ट करायच्या बाजूला केसभर, मग सोडायच्या बाजूला. जाम नट एकदम मागं येत न्हाई. त्येला आधी पटतंय म्हनायचं, मग आपलं सांगायचं."

घट्ट करायच्या बाजूला जरासा दाब दिला तेव्हा कुठेतरी बारीक 'कुर्र' झालं. फिटर खुश झाला. मग सोडायच्या बाजूला तो आणि मुलगा दोघं लोंबकळले. काही नाही. मी तिसरी. पाईप वाकायच्या बेतात. अर्धा तास, तास. मुलानं पाईप सोडला आणि जमिनीवर बसला.

"ऱ्हाऊ द्या," तो फिटरला म्हणाला. "लई केलंत तुमी. येऊ द्या टेम्पो."

ओसरीवरून "उलट" आलं. या वेळी मोठ्यानं. काकी घमेलं घेऊन गेल्या आणि काकांच्या मांडीवर ठेवलं. काकांनी डाव्या हातानं घमेल्याची कड धरली. आम्हाला वाटलं, आता होणार. त्यांनी ते घमेलं उचललं, पालथं केलं आणि मांडीवर उपडं आपटलं. एकदा आमच्याकडे बघितलं. सरळ केलं, पुन्हा उपडं आपटलं. मग तेच बोट नटाकडे.

पहिल्यांदा फिटरचा चेहरा उतरला. तो शाफ्टच्या टोकाजवळ उकिडवा बसला, खिशातून चाकू काढून टोकावरचा गंज खरवडू लागला. टोकाला एक-दीड आटा नटाच्या बाहेर होता, गंजानं बुजलेला. त्यानं तो मोकळा केला, बोट फिरवलं, आणि काकांना नमस्कार घातला. खरोखरीचा, दोन्ही हात जोडून.

"काकी, त्यास्नी उलटी न्हाई व्हत," तो म्हणाला. "आटे उलटे हायेत ह्या नटाचे. त्ये चार दिस ह्येच वरडत्यात."

ज्या बाजूला सगळी नटं सुटतात त्या बाजूला हे घट्ट होत होतं. चाक फिरताना नट आपोआप सुटू नये म्हणून काही यंत्रांना असे उलटे आटे ठेवतात. आम्ही शनिवारपासून त्याला आवळत होतो. केसभर घट्ट करायला म्हणून दाबलं तेव्हाची 'कुर्र' ही सुटण्याची होती, आणि तिथूनच आम्ही विजयी मुद्रेनं मागे फिरलो होतो.

काकी घमेल्याकडे, मग नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "मंग नीट सांगायचं न्हवं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्यांना इतकं हसू आलं की त्या खाटेच्या पायाला टेकून खाली बसल्या. काकाही हसले. वाकड्या तोंडानं, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. पेजेचा राग अजून होता, पण हसले.

मुलानं पाईप उचलला. त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही. ओसरीकडे तोंड करून त्यानं बापाला विचारलं, "दादा, आसं?" आणि पाईप दुसऱ्या बाजूला धरला.

काका म्हणाले, "हां."

नट सुटलं. एका दमात नाही. ओरडत, तांबडं पाणी गाळत, पाव-पाव फेऱ्यानं. आतले आटे बाहेर आले ते ओले होते. तेल शेवटच्या आट्यापर्यंत पोचलं होतं. फिटरनं मला बोट लावून बघायला सांगितलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी तेलात घातलेलं ते पहिलं बोट.

टेम्पो अकराऐवजी साडेबाराला आला. तोवर चाक उतरवून अंगणात ठेवलं होतं आणि बेअरिंग रॉकेलच्या घमेल्यात बुडालं होतं. घमेलं तेच. भंगारवाल्यानं चाकाकडे बोट केलं तेव्हा मुलगा म्हणाला, "त्ये न्हाई. शेडचं फुटकं पत्रं न्या." पत्रे भरताना भंगारवाला कुरकुरत होता, एवढ्यासाठी पिरंगुटहून बोलावलं म्हणून. काकींनी त्याला पोहे खायला घातले.

दुपारी पुन्हा सगळं जोडायचं होतं आणि बसणाऱ्या तेलाची वेळ आली होती. फिटरनं तीन डबे आणले होते, चौथा माझा. धबधबावाला. या वेळी कुणी आपसांत ठरवलं नाही. मुलानं चारही डबे उचलून ओसरीवर नेले आणि बापाच्या डाव्या हाताशी झाकणं काढून ठेवले.

काकांनी पहिल्यातलं ग्रीस चिमटीत घेतलं, अंगठ्यानं चोळलं, बोटं लांब केली. तार आली नाही. "न्हाई." दुसरं हुंगलं, तोंड वाकडं होतं त्याहून वाकडं केलं. तिसरं ओलं करून चोळलं, पाण्यानं ते दुधाळ होऊन सुटलं. "न्हाई." मग माझं घेतलं. पाणी लावून चोळलं, पुन्हा पाणी लावलं, पुन्हा चोळलं. जागचं हललं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. डावा डोळा बारीक झाला, आणि मला कळलं की हा डोळा पहिल्या दिवशीही कौतुकानं बारीक झाला नव्हता.

"हां," ते म्हणाले.

"किती घालू दादा?" मुलानं विचारलं.

काकांनी बोटाच्या पहिल्या पेरावर अंगठा टेकवला. एवढंच. मुलानं तेवढंच घेतलं, परत येऊन दाखवलं, मान हलल्यावर भरलं. दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगला पुन्हा विचारलं. पट्टा किती ताणायचा ते विचारलं. दोन वर्षांत त्या घरात काकांना "दुखतंय का" आणि "जेवता का" एवढंच विचारलं गेलं होतं.

दिवाळीनंतर भात आलं तसं गिरणी चालू झाली. सुट्टीच्या दिवशी मुलगा चालवायचा, इतर दिवशी काकी. काकांची खाट शेडच्या दाराशी हलली. आम्ही तिथे २००८पर्यंत राहिलो. या सगळ्या वर्षांत मी त्या खाटेपाशी बसून तेलं ओळखायला शिकले, वासानं आणि चिमटीनं, आणि कारखान्यात ऑर्डर टाइप करण्याआधी डब्याचं झाकण उघडायला लागले. पुरवठादार मला घाबरायचे. मी त्यांना सांगायची की माझे गुरू फार कमी बोलतात. ते खरंच होतं, आणि त्या कमी बोलणाऱ्यांनी मला जे दिलं त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. एकदा प्रयत्न केला होता. काकांनी "न्हाई" म्हणून मला हातोडी दिली, गिरणीच्या चाळणीच्या एका जाम बोल्टकडे बोट केलं, आणि ठोके मोजायला डावा हात उघडला.